हापूसच्या दिवसांतला टोमॅटो

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावर कोणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं मी समजेन. ऐन हापूसच्या दिवसांत, आमच्या मांडवीत गल्लीतली कुत्रीसुद्धा बाठ्याखेरीज दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत अशा दिवसांत, मी, बाबू, जन्मभर बोटीवर कुक म्हणून निम्म्या जगाच्या पाण्यावर चुली पेटवून आलेला माणूस, एका टोमॅटोसाठी पालीपर्यंत जाऊन आलो आणि त्या टोमॅटोचं एक सँडविच केलं. हे असं मी पडवीत सुरू केलं तेव्हा उन्हं उतरत होती आणि खाऱ्या वाऱ्याने माडाच्या झावळ्या एकमेकींना खाजवत होत्या. समोर मुलगी नम्रता, सकाळच्या गाडीने मुंबईहून आलेली, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये परतीची तिकिटं, एक तिचं आणि एक तिच्या आईचं. बाजूला हरिश्चंद्र, पोफळीच्या वीजघरात सारी नोकरी काढलेला माझा शेजारी. काटा हलल्याशिवाय वीज आहे हेही तो मानत नाही. त्याला मी अट घातली होती की मधे बोलायचं नाही, फार झालं तर खोकायचं. आणि मागे माजघरात, उघड्या दाराच्या आत, खाटेवर भिंतीकडे तोंड करून जनी, माझी बायको. झोपली होती की जागी होती कोणास ठाऊक. तोंड माझं नम्रताकडे होतं, पण सांगत होतो मी त्या पाठीला.

"बाबा, आई खाते की नाही एवढंच सांगा," नम्रता म्हणाली. "सकाळपासून माझ्या डब्यातल्या एका घासाला तिने हात लावला नाही. मनगटं बघितलीत तिची? मी तिला घेऊन जाते. तिकडे मोठे डॉक्टर आहेत, सलाइन आहे, सगळं आहे."

"तेच सांगतोय गो," मी म्हटलं. "गोष्टीला जरा नांगर तर उचलू दे."

तोंडाने मी पालीची एसटी पकडली होती, पण आत गोष्ट सुरू होत होती ती एका आंब्याच्या फोडीपासून, आणि ती फोड मला नम्रतापुढे काढायची नव्हती. चैत्रात जनीला ताप आला, उतरला, आणि उतरताना तिची चव घेऊन गेला. आम्हाला ते कळलं पहिल्या आंब्याला. पेंढ्यातून काढलेला, देठाशी नुसता हुंगला तरी डोळे मिटावेत असा आंबा. मी फोड कापून दिली. तिने ती खाल्ली, साल बशीत नीट ठेवली आणि म्हणाली, "भोपळा उकडलात काय?" मी आधी उठून खिडकी लावली. रत्नागिरीत बसून हापूसला भोपळा म्हणायचं, कोणी ऐकलं असतं तर वाळीत टाकलं असतं आम्हाला. मग त्याच आंब्याची दुसरी फोड मी तोंडात टाकली. गोडी घशातून थेट तळपायात उतरली, आणि तिथे पोचल्यावर तळपाय गार पडले, कारण खोट आंब्यात नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून जनीलाही ते कळलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, मिठाच्या बरणीतून एक खडा उचलला, जिभेवर ठेवला, या गालातून त्या गालात फिरवला, आणि तळहातावर काढून माझ्यापुढे धरला. "खडी आहे," म्हणाली. "रस्त्यावरची."

आता जनीची जीभ म्हणजे काय होती ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी काय सांगू. मांडवीत कोणाकडे लग्न असलं की आचाऱ्याच्या आधी जनीला बोलावणं. ती टोपाशी उभी राहायची, पळीच्या टोकावर लागेल एवढंच चाखायची, आणि आमटीत नारळ कालचा पडलाय हे नारळवाल्याच्या नावासकट सांगायची. बांगड्याचं कालवण खाऊन तिने एकदा सांगितलं होतं की हा बांगडा गळाने धरलाय, जाळ्याने नाही, मरताना घाबरलेला नव्हता. (हे मी पडवीतही सांगितलं. हरिश्चंद्र खोकला. खोकू दे.) मी बोट सोडून कायमचा घरी आलो त्या दिवशी सवयीने चुलीकडे वळलो तर तिने पळी आडवी धरली. "बोट तुमची होती, हे घर माझं." तेव्हापासून कालपर्यंत त्या ओट्याला मी हात लावला नव्हता. मी नुसता जेवलो. वर्षानुवर्षं समोर बसून जेवलो, आणि ती माझं तोंड वाचत राहिली, मीठ बरं आहे ना, आमसूल जास्त नाही ना, आणि मी मुद्दाम तोंड वाकडं करून तिला चिडवत राहिलो. आणि आता शेजारून आलेलं ताट तिच्यापुढे ठेवलं की ती पाहुण्यासारखी बसायची. शितं बोटाने या कडेची त्या कडेला करायची. गेलेल्या बोटीची वाट बघत धक्क्यावर बसलेली माणसं मी पुष्कळ बंदरांत बघितलीत, तशी. "पेज काय नि माती काय," म्हणायची. "गिळायचीच तर कशाला." आंब्याचा घमघमाट खाटेखालच्या पेट्यांतून वर यायचा, भिंतींना चिकटायचा, उशीत शिरायचा, आणि त्या घमघमाटात एक बाई उपाशी वाळत होती. वादळात गॅलीतली, बोटीवरच्या स्वयंपाकघरातली, भांडी डोक्यावरून उडताना बघितली आहेत मी, तेव्हा भीती वाटली नव्हती. जेवणघरातल्या त्या शांततेची वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, चव येईल, कधी ते सांगता येत नाही, तोवर पोटात काहीतरी जायला हवं. ते काहीतरी म्हणजे काय, हे त्यांच्या चिठ्ठीवर नव्हतं.

मग परवा पहाटे, अर्धवट जागेपणी, मला गोदीतला वास आला. डांबर, डिझेल, भिजलेला दोर, आणि त्या सगळ्यातून वर येणारा कापलेल्या टोमॅटोचा हिरवट वास. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात आमची बोट मुंबईच्या गोदीत लागली होती आणि जनी, पहिल्यांदाच गाव सोडून, मला भेटायला शिडी चढून वर आली होती. पिवळं लुगडं, डोक्यावर पदर, एका हाताने कठडा घट्ट धरलेला, बोट बांधलेली असूनही. मी तिला गॅलीत नेलं. जेवणाची वेळ टळलेली, भांडी घासून पालथी पडलेली; होता तो एक पाव, लोणी आणि मोठाले टोमॅटो. पाव म्हणजे आमच्याकडे तेव्हा आजाऱ्याचं खाणं. मी सँडविच करून तिरकं कापून दिलं. तिने ते त्रिकोण हातात घेतले, उलटसुलट बघितले, पदराआड तोंड करून एक घास घेतला आणि टोमॅटोचा रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. नव्या बांगड्यांमधून वाट काढत. ती ओघळाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हे काही जेवण नव्हे." थोडं थांबून म्हणाली, "आणखी आहे?" तेवढ्याने माझी अख्खी बोट हलली. बांधलेली होती तरी हलली, कप्तानाला विचारा. परवा मी अंथरुणात उठून बसलो. जे जे तिला चवीने पाठ आहे ते ते तिला फसवतंय. आंबा आठवतो आणि भोपळा लागतो. पण हे तिने जन्मात एकदाच खाल्लंय, माझ्या हातचं. हे पाठ झालेलं नाही. इथून कुठून तरी आत शिरता येईल.

गावातला टोमॅटो मी बघूनच सोडून दिला. तो घाटावरून कच्चा येतो, वाटेत लाल होतो, पिकत नाही. आमच्या जांभ्याच्या मातीत झाड लावावं तर फळाआधी मर लागते. म्हणून काल सकाळी पहिली एसटी धरून पालीला गेलो. तिथे बाजारात रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून आतल्या गावांतल्या बाया बसतात, पऱ्याकाठच्या, ओढ्याच्या पाण्यावरच्या मळ्यातली भाजी घेऊन. त्यातल्या एकीकडे, सावित्री नाव तिचं, टोपलीच्या तळाशी होते ते. गावठी, पोटाला घड्या पडलेले, देठाशी अजून हिरवट, आणि ऊन लागून कोमट. एक उचलून नाकाशी धरला तर मला तिथल्या तिथे खाली बसावं लागलं.

"काका, आंबं सोडून तांबाटी कोण घेतं या दिसांत?" ती म्हणाली.

"ज्याची बायको रुसलीय तो."

"मंग आंबं न्या की."

"आंब्यावरच रुसलीय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मंग आंबाटच द्या," म्हणाली, आणि वरचे बाजूला सारून तळातले चांगले माझ्या पिशवीत भरले.

परतीच्या गाडीत मी एकटा टोमॅटोवाला आणि बाकी सगळी गाडी आंब्याच्या पेट्यांची. कंडक्टरने पिशवीत डोकावून विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?" पिशवी पायाशी ठेवून एक टोमॅटो मी हातातच धरला होता, वासासाठी, चोरटा माणूस विडी ओढतो तसा मधूनमधून तळहात नाकाशी नेत होतो. बाहेर कातळ तापून लखलखत होता आणि मला गोदी दिसत होती, पिवळं लुगडं दिसत होतं, मी एकटाच खिडकीशी हसत होतो. हातखंब्याच्या वळणावर कोणाची तरी पेटी वरून सुटली ती सरळ माझ्या पिशवीवर. मऊ आवाज झाला. पायावर काहीतरी गरम आलं. मी खाली बघितलंच नाही. पेटीवाला घाबरून वाकला आणि मला म्हणाला, "काका, आंब्यांना काही झालं नाही ना?" आंब्यांना काही झालेलं नव्हतं. माझ्याकडे आता हातातला तेवढा एक उरला होता, आणि उरलेला सगळा रस्ता मी तो असा धरून आलो की तळहाताला घाम फुटला तर त्याला लागू नये म्हणून फुंकर घालत होतो.

"म्हणजे एकच?" नम्रताने विचारलं. मोबाइलवरचा तिचा अंगठा थांबला होता.

"एकच. पण कसला. घरी आणून खिडकीत ठेवला, उन्हात, कारण गार टोमॅटो मेलेला असतो. तर मिरकरवाड्याकडे निघालेला एक ट्रॉलर तो बंदराचा लाल दिवा समजून वळायला लागला. मला धावत जाऊन पंचा टाकावा लागला त्याच्यावर."

हरिश्चंद्र एवढा खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं. नम्रता हसली. तीही जनीसारखीच हसते, आधी नाकाने. मला हुरूप चढला. पाणी आणायला आत गेलो तेव्हा खाटेवरची पाठ तशीच होती, फक्त पायाचा अंगठा हलत होता, किंवा मला तसं वाटलं.

तर दुपारी जनीचा डोळा लागल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात शिरलो. चोरासारखा, आणि खरं सांगायचं तर वर्षानुवर्षांत इतका आनंद मला झालेला नव्हता. विळीला हात लावला नाही, ती तिची. ट्रंकेतून माझी बोटीवरची सुरी काढली, पायरीच्या दगडावर परजली. कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणलेला ताजा पाव जाडसर कापला. लोणी आधीच बाहेर काढून मऊ केलेलं. लोणी लावायचं ते होडीच्या फटी बुजवतात तसं, कडेपर्यंत, कोपऱ्यापर्यंत, एवढीशीही जागा मोकळी नाही; फट राहिली की पाणी आत आणि पाव बुडाला. मग टोमॅटो. सुरी टेकवली आणि क्षणभर दाबवेना. हा चुकला तर दुसरा नाही, आणि उद्या नम्रता येणार, तिकिटं काढून येणार, फोनवर ठणकावून सांगितलेलं. मुंबईतली ती इस्पितळाची खोली मी बघितलीय, नळीतून थेंब पडत असतो आणि माणूस छताकडे बघत असतो. मग दाबली. साल कर्रकन फाटली आणि तो वास, तो गोदीतला हिरवट वास, ओट्यावर असा उसळला की मी सुरी खाली ठेवून भिंत धरली. जाड चकत्या, बियांसकट, रस सांडू न देता. वर मिरपूड. मीठ घ्यायला बरणीकडे हात गेला तेवढ्यात समोर देव्हारा दिसला. बोटीवर वादळातसुद्धा मी देवाकडे कधी काही मागितलेलं नाही, पण काल माझी मान आपोआप वाकली. म्हटलं, तुम्हालाही रोज तोच वरणभात. एक दिवस बदल म्हणून बघा, आणि बघितलंत तर तिच्याकडेही बघा. नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत, हे लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत जनीनेच मला दटावून शिकवलेलं. हात मागे घेतला. आधी त्यांचं होऊ दे. नैवेद्य चाखायचाही नसतो, म्हणून बोटाला लागलेला रससुद्धा पंचाला पुसला. ताटलीभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, घंटा वाजवली.

डोळे उघडले तर दारात जनी. एक हात चौकटीवर. गेले कित्येक दिवस कोणी हात दिल्याशिवाय ती उठलेली नव्हती.

"घंटा कसली?"

"नैवेद्य."

"कसला?"

"पावाचा."

तिने देव्हाऱ्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, माझ्या सुरीकडे बघितलं. "देवांना पाव, अवो?"

"बोटीच्या माणसाचे देव आहेत. चालतं त्यांना."

तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि तेवढ्याने मी इतका वेडावलो की दुसरं काही सुचेना. ताटली उचलली आणि सरळ तिच्या हातात दिली. ती घेऊन ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली. मी आत, अंधाराच्या बाजूला, श्वास धरून. तिने पहिला घास घेतला. रस मनगटावर आला, ढिल्या झालेल्या बांगड्यांना अडला, त्यांच्याखालून निघून कोपराकडे गेला, एक बी बांगडीला चिकटून राहिलं. चावता चावता ती थांबली. हातातल्या पावाकडे बघत राहिली, बराच वेळ, काहीतरी हरवलं असावं तशी. माझ्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. मग दुसरा घास. मग तिसरा. सगळं संपवलं, कोपराशी आलेला ओघळ जिभेने टिपला, ताटली धुऊन पालथी घातली आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. एक शब्द नाही. कालपासून आत्तापर्यंत नाही. आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं आणि ती "माती" म्हणाली तर मग माझ्याजवळ काही उरत नव्हतं. देवांसाठी खाल्लं असेल. माझ्यासाठी खाल्लं असेल. पण मधेच ती थांबली का होती, हे मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केलं.

पडवीत मी तोंडाने पहिल्या घासाशीच थांबलो होतो, बाकीचं मनात. "मग?" नम्रता पुढे सरकून बसली होती. "आई काय म्हणाली?"

काही बोलली नाही, असं तिला सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने बॅग भरून देणं. मी घसा साफ केला. पंचा खांद्यावर टाकला. माझ्या लक्षात आलं की गोष्ट नेमकी इथे उघडी पडलीय, इथे फट आहे, आणि ती कडेपर्यंत बुजवायला हवी.

"म्हणाली काय? अगो, सगळी करामत मिठाची," मी म्हटलं. "टोमॅटोला मीठ लावणं ही कला आहे. बोटीवर एका म्हाताऱ्या ग्रीकाने शिकवली मला, आणि तो मरताना फक्त मलाच सांगून गेला. मिठागरातला खडा घ्यायचा, तो सुरीच्या पात्याने चिरडायचा, कुटायचा नाही. मग हात असा डोक्याच्या वर धरायचा आणि तिथून भुरभुरवायचं. प्रत्येक कण आपापल्या जागी जाऊन बसतो, जत्रेतल्या माणसांसारखी गर्दी करत नाही. तसं मी भुरभुरवलं. तुझ्या आईने पहिला घास घेतला. डोळे मिटले. एक टपोरा अश्रू या गालावरून खाली आला. आणि म्हणाली, 'अवो, मीठ कसं नेमकं पडलंय.' अशी म्हणाली. ज्या बाईला खडा मीठ खडीसारखं लागत होतं, ती मीठ नेमकं पडलंय म्हणाली. आता अशा बाईला तू सलाइन लावायला नेणार?"

हरिश्चंद्र खोकला नाही. नम्रताने मोबाइल उपडा ठेवला होता आणि तिचे डोळे भरले होते, आणि काय सांगू, माझेही भरले. तो अश्रू मला खरोखर दिसत होता, तो आवाज मला ऐकू येत होता, त्या क्षणी मला शपथेवर विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. आत खाट करकरली. जनी उठून बसली होती. भिंतीकडची पाठ वळली होती आणि दारातून तिचं तोंड दिसत होतं, चिडलेलं, लग्नाच्या टोपाशी उभं राहिल्यावर असायचं तसं.

"नैवेद्याला नावं ठेवू नयेत म्हणून कालपासून गप्प आहे मी," ती म्हणाली, "पण खोटं बोलायलाही काही माप असतं. मीठ कुठलं घेऊन बसलात? आंबट होता टोमॅटो, बरा होता, पण मिठाचा कण म्हणून नव्हता त्यात. अळणी होतं, अळणी."